७५ टक्के हिरवी शेडनेट, 'यूव्हीवाली' म्हणून घेतलेली: पांढऱ्या वगारीच्या गोठ्यावर एक वर्ष

५ पैकी ३ स्टार. रोपवाटिकेसाठी घेत असाल तर ४ पण देईन. जनावरासाठी घ्यायची असेल तर मात्र जरा थांबा अन् खालचं वाचा, लांब झालंय, पण वर्षभर वापरून लिहायलोय, पार्सल उघडून फोटो टाकणारा रिव्ह्यू नाही हा.

वस्तू साधीच. हिरवी जाळी, ७५ टक्के सावलीची, ३ मीटर पन्हा, रोलमधून १५ मीटर कापून घेतली, कडेला पट्टी शिवून दर दोन फुटाला पत्र्याची रिंग ठोकलेली. जाळी १,८०० ची, शिलाई अन् रिंगांचे ३५० वेगळे. गेल्या वर्षी शिमगा झाला अन् दुसऱ्याच दिवशी मोंढ्यातून आणली. दुकानाचं अन् कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अर्धी चूक त्यांची अन् अर्धी माझी, आणि माझी अर्धी जरा मोठीच आहे.

आता म्हशीच्या वगारीला शेडनेट कामून, हे अख्ख्या गावानं विचारून झालंय. म्हैस म्हणजे उन्हातान्हात धुऱ्यावर चरणारं जनावर, दुपारी नदीत जाऊन बसलं की झालं. आमचा आखाडा (शेतातला गोठा-घर) जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या कडेला, तिथं आजवर एकाही म्हशीला कडुलिंबाच्या सावलीपेक्षा जास्त काही लागलं नाही. पण त्याच्या आधीच्या दिवाळीत पाडव्याच्या पहाटे आमची म्हैस व्याली आणि दादांचा मला फोन, "अरे ये लवकर, पांढरं झालंय." मला वाटलं वासरू दगावलं म्हणायलेत. जाऊन बघतो तर वगार ठणठणीत, पण कापसाच्या बोंडासारखी पांढरी, नाक गुलाबी, कानाच्या आतून ऊन आरपार दिसायलं, खुरं तर मेणबत्तीसारखी. आई काळीकुट्ट अन् तिच्याकडंच बघायली, चाटू का नको असं. चाटलं शेवटी. मायनं तिथंच नाव ठेवलं, कापशी.

मग गाव लोटलं. एक म्हातारी हळदकुंकू घेऊन आली, दुसऱ्या एकानं सांगितलं घरात ठेवू नका, तिसऱ्यानं माळेगावच्या यात्रेला नेऊन उभी करा म्हणला, दहा दहा रुपये लावले तरी बैलजोडी निघेल. दादांनी तिघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

फेब्रुवारीपर्यंत काही नाही, वगार उड्या मारायली. महाशिवरात्रीच्या आसपास कानाचे शेंडे लाल झाले, मग नाकावर फोड, मग पाठीवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायला लागली. आम्ही खोबरेल तेल लावलं, हळद लावली, उगं चोळत बसलो. डॉक्टरांना बोलावलं (आमच्याकडं गाडीवर येतात ते, उदगीरच्या कॉलेजात शिकलेले, माणूस कमी बोलतो पण बरोबर बोलतो). त्यांचा पहिला प्रश्न, "बांधावरची टणटणी खाल्ली का हिनं?"

मला कळंना कातडीचा अन् टणटणीचा काय संबंध. तर आहे. टणटणी म्हणजे ती घाणेरी, लाल-पिवळ्या फुलाची. ती पोटात गेली की जनावराचं लिव्हर बिघडतं, आणि हिरव्या चाऱ्यातून पोटात तयार होणारा एक पदार्थ जो लिव्हरनं बाहेर टाकायचा तो रक्तातच साचतो, अन् कातडीत पोचल्यावर वरून ऊन पडलं की कातडी भाजते. आणि भाजते ती नेमकी पांढरी कातडी. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गायीचं बघा म्हणले, पांढरा पट्टा तेवढा सोलून निघतो अन् शेजारचा काळा पट्टा जशाला तसा. त्यांनी कापशीची पापणी वर करून पिवळेपणा बघितला, शेण बघितलं, आणि म्हणले लिव्हर चांगलं आहे, ही नुसती उन्हानं भाजली. हिच्या कातडीत रंग देणारं मेलॅनिनच नाही, म्हणजे देवानं दिलेली छत्रीच नाही. सावलीची सोय करा.

म्हणून मी मोंढ्यात.

"शेठ, जनावरासाठी पाहिजे, ऊन लागायलंय तिला."

"ही न्या मालक, यूव्हीवाली आहे. पाच वर्षं काही होत नाही."

मी खुश. यूव्ही म्हणजे तेच तर किरण जे कातडी भाजतात, मोबाईलवर वाचून गेलो होतो ना, अर्धवट. रोलच्या लेबलवर पण छापलेलं, यूव्ही स्टॅबिलाइज्ड. सहा सहा मीटरचे दोन तुकडे शेजारी शेजारी बांधले, चार बांबू, वरून सुतळी, झाला मांडव. फोटो काढला, स्टेटसला ठेवला.

बावीस दिवसांनी कापशीची पाठ परत लाल. जाळीच्या खाली बांधलेली असून. डॉक्टर आले, तिच्याकडं बघितलंच नाही आधी, मान वर करून जाळीकडं बघितलं अन् लेबलाचा तुकडा अजून लटकत होता तो वाचला. म्हणले, "हे यूव्ही जाळीसाठी लिहिलंय. वगारीसाठी नाही."

हेच ते, जे कुणी दुकानात सांगत नाही. प्लास्टिकची जाळी नुसती उन्हात ठेवली तर वर्षा-दोन वर्षात कुरकुरीत होऊन तुटायला लागते, म्हणून धाग्यात एक औषध घालतात, त्याला स्टॅबिलायझर म्हणायचं. त्यानं जाळी टिकते. शेठ खोटं बोलला नव्हता, पाच वर्षं काही होत नाही म्हणला ते जाळीला. खाली कोण बसलंय याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. आणि ७५ टक्के म्हणजे काय, तर पाव ऊन खाली येतंय. धाग्याधाग्यात भोकं आहेत, भोकातून येणारं ऊन गाळून येत नाही, आहे तसंच येतं. टोमॅटोच्या रोपाला ते पाव ऊन पाहिजेच असतं, त्याच्यासाठीच बनवलीय ती. काळ्या म्हशीला पण पाव उन्हानं काही होत नाही. कापशीला ते पाव सुद्धा जास्त. वरून बाजू मोकळ्या, अन् यूव्ही नुसतं सूर्याकडून सरळ येत नाही, आख्ख्या आभाळातून विखरून येतं, म्हणजे डोक्यावर छत असलं तरी बगलेतून लागतंच. ११ ते ३ तर विचारू नका, मे महिन्यात परभणीचं ऊन म्हणजे काय ते इकडच्या लोकांना सांगायची गरज नाही.

हे एका बाजूला. दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती अन् तिच्यासाठी जाळीचा एक स्टार मी कापलाय.

कापशीला नीट दिसत नाही. आंधळी नाही, पण नीट दिसत नाही. डोळे सावलीत राखाडी-निळसर दिसतात, रात्री बॅटरी मारली की लाल भडक, बाकी म्हशींचे हिरवट चमकतात. बुबुळात रंगच नसल्यामुळं आतल्या रक्तवाहिन्यांचा लाल दिसतो म्हणे, अन् तोच रंग नसल्यामुळं उजेड अडत नाही, सगळा आत घुसतो. बुबुळं सारखी हलत असतात, बारीक थरथर, टीव्हीचं चित्र थरथरावं तशी. डॉक्टर म्हणले पडद्यामागचं काम पण बिघडलेलं असतं, दोन्ही डोळ्यांतून मेंदूकडं नसा निघतात त्यातल्या काही पलीकडच्या बाजूला जातात काही त्याच बाजूला राहतात, ही वाटणी आईच्या पोटात असतानाच होते आणि मेलॅनिन नसलं की वाटणी चुकते, जरुरीपेक्षा जास्त नसा पलीकडं जातात. त्यामुळं किती लांब, किती खोल, हे कळत नाही.

हे मी स्वतः बघितलं तेव्हा पटलं. संध्याकाळी चारला मांडवाच्या सावलीची रेघ अंगणात पडायची, एकदम सरळ, इकडं काळं तिकडं पांढरं. कापशी त्या रेघेपर्यंत यायची अन् थांबायची. मान डावीकडं, मान उजवीकडं, परत डावीकडं, मग पुढचा पाय असा उचलून टाकायची जशी काय तिथं नाली आहे. सपाट अंगण! शेजारचं पोरगं हसायचं, मला नाही हसू आलं. आणि वर ही जाळी, सुतळीनं बांधलेली, वारं सुटलं की फडफड, अन् फडफडली की खाली जमिनीवर उजेडाचे ठिपके नाचायचे. त्या ठिपक्यांना बुजून तिनं दोनदा दावं तोडलं, एकदा गव्हाणीला धडकून गुडघा फोडून घेतला. डोळस म्हशीला ते ठिपके म्हणजे काहीच नाहीत. म्हणून सांगतो, कमी दिसणाऱ्या जनावरावर जाळी लावायची असेल तर सुतळीनं लावूच नका, जीआय तार ताणून तिच्यावर घट्ट बसवा, ढोलाच्या पानासारखी. अजून एक, पोळ्याला आम्ही गोठ्याच्या भिंतीला चुना मारला होता, त्याचा झगझगाट तिच्या तोंडावर यायचा, ती कायम भिंतीकडं पाठ करून उभी. मायच्या ध्यानात आलं हे, माझ्या नाही. मायनं शेणामातीनं भिंत सारवली अन् दुसऱ्या दिवसापासून वगार गव्हाणीत तोंड घालायली.

रिंगांबद्दल एका ओळीत: बेकार. एप्रिलमध्ये वादळ आलं, गारा पडल्या, जाळीत गारांचा ढीग साचून मधेच पोट आलं, अन् एका बाजूच्या सात रिंगा पट्टीसकट उसवल्या. जाळी फाटली नाही, हे मान्य करावं लागंल, धागा दणकट आहे. दुकानात गेलो तर म्हणले गारांची गॅरंटी कोण देतं मालक. ते बी खरंय.

मधल्या काळात गावातल्या शहाण्यांचा एक ठरलेला सवाल, "तुमचा बैल पण पांढराच आहे की, तो दिवसभर औत ओढतोय, त्याला कुठं भाजतंय?" मी पण निरुत्तर व्हायचो. आमचा बैल देवणी, त्यात बाळंक्या, म्हणजे अंगानं जवळजवळ पूर्ण पांढरा, देवणीतल्याच वानेऱ्याचं तोंड काळं असतं अन् शेवऱ्याच्या अंगावर काळे डाग, तसं ह्याला नाही. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी बैलाच्या खांद्यावरचे केस दोन बोटांनी फाकवले. आत कातडी काळी! बारा वर्षं तो बैल आमच्या दावणीला आहे, मी स्वतः त्याला धुतोय, कधी बघितलंच नव्हतं. केस पांढरे म्हणून ऊन परत फेकतात, कातडी काळी म्हणून जे आत येतं ते अडतं, नाक काळं, डोळे काळे. आपल्या मराठवाड्याच्या उन्हासाठी याच्यापेक्षा चांगला माल कुठल्या कंपनीनं बनवला नाही. मग कापशीचे केस फाकवले, आत गुलाबी. आणि म्हशीला केसच विरळ, वासरू असताना जरा दाट असतात, मोठं होईल तसे उडतात, म्हणजे दर उन्हाळ्याला हिचं पांघरूण कमीच होत जाणार. घामाच्या ग्रंथी पण म्हशीला गायीपेक्षा कमी, म्हणून तर ती चिखलात लोळते.

तर पांढरं दिसणारं प्रत्येक जनावर असलं नसतं. शाळेची सहल संभाजीनगरला गेली होती तेव्हा सिद्धार्थ उद्यानात पांढरा वाघ बघितला होता, मी इतकी वर्षं त्याला पण असलाच समजायचो. नाही. त्याचे पट्टे काळे-तपकिरी असतात, डोळे निळे, म्हणजे रंग थोडा का होईना तयार होतोय. पण त्या वाघांची एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती आमच्या घरावर येऊन पडली. १९५१ मध्ये मध्य प्रदेशातल्या रेवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला, त्याला साध्या पिवळ्या वाघिणीबरोबर ठेवलं तर पिल्लं पिवळीच, मग त्याच्याच पोरीबरोबर, राधा तिचं नाव, जुळवला, तेव्हा १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. पुढं जगात पांढरे वाघ वाढवले ते बरेचसे असेच, नात्यातल्या नात्यात, अन् त्यात डोळे तिरळे असणारे पण बरेच निघाले, तोच नसांचा घोळ.

दादा ऐकत होते, एकदम गप झाले. कारण आमच्या गावात हल्या, म्हणजे रेडा, एकच. कापशीच्या आईला तोच लागला, अन् कापशीच्या आजीलाही तोच लागला होता. म्हणजे हिचा बाप अन् हिच्या आईचा बाप एकच. अंगात मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम लागतं, त्याच्या जीनमधला बिघाड म्हशींमध्ये सापडलेला आहे. एकट्याकडून आला तर दिसत नाही, जनावर काळंच राहतं. दोघांकडून आला तरच पांढरं. दोघं तसे लपलेले असले तर दर वेताला चारात एक शक्यता. एका हल्यावर अख्खं गाव चालवलं की लेक-बापाची गाठ पडणारच. आता आम्ही बाहेरच्या वळूच्या रेतनावर आलोय, डॉक्टरांच्या वहीत नंबर लिहून ठेवतो. गावात सांगितलं तर लोक म्हणायलेत, हल्या फुकट आहे ना.

भाच्यानं मोबाईलवर एक गोरिला शोधून दाखवला, बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयातला, जगप्रसिद्ध, पूर्ण पांढरा. १९६६ मध्ये आफ्रिकेतून आणलेला, २००३ मध्ये कातडीच्या कॅन्सरनं गेला. नंतर त्याचे जीन तपासले तर आईबाप जवळच्या नात्यातले निघाले, काका-पुतणीसारखे. मी भाच्याला म्हणलं हे तुझ्या आजीला दाखवू नको. पण कॅन्सरची भीती खरीच आहे, डॉक्टर दर महिन्याला पापण्या, नाकाची कड अन् शेपटीखालचा भाग बघतात, न भरणारी जखम किंवा खडबडीत गाठ दिसली की लगेच फोन करा म्हणून सांगून ठेवलंय. झिंकचं मलम दिलं होतं, नाकावर लावलं की दोन मिनिटात जीभ बाहेर काढून साफ, मग त्यांनीच सांगितलं जीभ पोचते तिथं लावू नका, पोटात जायला नको, फक्त कानावर अन् पाठीवर.

तर आत्ताची व्यवस्था. जाळी काढली नाही. तारेवर ताणून बसवली आणि तिच्यावर तुराट्यांचा वीतभर थर, त्याच्यावर उसाचं पाचट. म्हणजे खरं सांगायचं तर आता ती जाळी सावली देत नाही, तुराट्या धरते, सावली तुराट्या देतात, अन् त्या फुकटच्या. पश्चिमेला तुराट्यांचाच कुड घातला अन् सारवला. पावसाळ्यात गळालं, गळू द्या, म्हशीला पाण्याचं काय वावडं. पाणी पाजायला सकाळी सातच्या आत अन् संध्याकाळी सहानंतर सोडतो, मधे न्यायचीच झाली तर मायच्या जुन्या लुगड्याची झूल. आणि सगळ्यात भारी उपाय तिनं स्वतःच शोधला. हौदाचं पाणी सांडून काळ्या मातीचा चिखल होतो तिथं जाऊन लोळते, उठते तेव्हा शिंगापासून खुरापर्यंत काळी, गुलाबी नाक तेवढं बाहेर. नवीन माणूस आला तर ओळखत सुद्धा नाही की हीच ती. वाळून पोपडे पडले की परत लोळते. आम्ही आता हौद मुद्दाम सांडतो.

हा तिचा दुसरा उन्हाळा. यंदाचा शिमगा झाला, अजून पाठीवर फोड नाही. कानाचे शेंडे मात्र गेल्या वर्षीचे वाळून झडले ते झडले, जरा आखूड दिसतात.

जाळीचा हिशोब: टिकाऊपणाला पूर्ण मार्क, रंग अजून उडाला नाही. रिंगांना शून्य. लेबलला शून्य, त्याच्यावर मराठीत एवढंच छापा की यूव्हीचं औषध जाळीत आहे अन् जाळीसाठी आहे. जनावरासाठीच घ्यायची तर ९० टक्केवाली विचारा, काळी मिळाली तर काळी घ्या, आणि तरी पांढऱ्या कातडीचं जनावर असेल तर वरून काहीतरी टाका.

१५ मधले ३ मीटर उरलेत. एका बाजूच्या रिंगा आहेत, दुसऱ्या बाजूला कापलेली कड. मिरचीच्या रोपाला बरोब्बर होईल. कुणाला लागत असेल तर आखाड्यावरून घेऊन जा, पैसे नकोत, फक्त संध्याकाळी सहानंतर या, वगार तेव्हा सोडलेली असते, बघून पण होईल.